पायाखालचा पाऊस

सह्याद्रीत चालणाऱ्या माणसाचा पाण्याचा हिशेब महिन्यांचा असतो. आषाढात फुगलेला ओढा ओलांडायचा नाही, भाद्रपदात कातळावरच्या शेवाळावर भरवसा ठेवायचा नाही, मार्गशीर्षापर्यंत गडावरच्या टाक्यांतील पाणी गाळून चालवून घ्यायचे आणि फाल्गुन उलटला की लागेल तेवढे पाणी पाठीवर घेऊनच घराबाहेर पडायचे. एवढे पंचांग डोक्यात पक्के असले की साताऱ्याच्या आसपासचे बहुतेक डोंगर माणसाला सांभाळून घेतात.

हिमालयात बर्फ वितळण्याच्या दिवसांत, म्हणजे साधारण एप्रिलपासून जूनअखेरपर्यंत, हे पंचांग फारसे उपयोगी पडत नाही. तेथे एकच ओढा पहाटे घोट्याएवढा असतो आणि दुपारनंतर मांडीला लागतो, आणि मधल्या काळात आकाशातून एक थेंबही पडलेला नसतो. माझे माहेर म्हसवडचे. माणगंगेच्या कोरड्या वाळूत खेळून मोठ्या झालेल्या माणसाला पूर म्हणजे ढग, पूर म्हणजे पाऊस, एवढेच ठाऊक असते. निरभ्र आकाशाखाली, लख्ख उन्हात, केवळ ऊन पडले म्हणून ओढा चढावा, ही गोष्ट मनाला पटायला मला बराच काळ लागला. बुद्धीला ती लगेच पटली होती, परंतु पायांना पटणे वेगळे असते.

रोज पहाटे अजिंक्यतारा चढणाऱ्या आमच्या मंडळींपैकी काहीजण उन्हाळ्याच्या शेवटी उत्तरेकडे जातात. सातारा स्थानकावर गोवा एक्स्प्रेसमध्ये बसायचे, दिल्ली गाठायची आणि तेथून बसने कुल्लूच्या किंवा उत्तरकाशीच्या डोंगरात शिरायचे, असा हा क्रम आहे. साताऱ्यात पंख्याखाली बसून लोकरीच्या टोप्या आणि हातमोजे पिशवीत भरताना शेजारीपाजारी जे बोलायचे ते बोलतातच, त्यामुळे त्यात शिरत नाही.

सह्याद्रीतला सराव तेथे कितपत कामाला येतो, असे मला नेहमी विचारले जाते. दम, पायांतले बळ आणि उंचीचे भय कमी असणे, हे तिघे निश्चित उपयोगी पडतात. वासोट्याच्या जंगलातील चढ आणि उभ्या सोंडेवरचा मुरमाचा घसारा उतरताना टाचेवर भार देण्याची लागलेली सवय बर्फाच्या उतारावर फार मोलाची ठरते, कारण बर्फ उतरतानाही टाच आधी आणि निर्धाराने रोवायची असते. घाबरून मागे रेलणारा माणूस दोन्हीकडे पडतो. उंचीच्या बाबतीत मात्र आपली तयारी शून्य असते. सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरचे विल्सन पॉइंटचे टोक १,४३८ मीटर उंच आहे आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच कळसूबाईदेखील १,६४६ मीटरवर थांबते. हिमालयातील खिंडीच्या अलीकडचा साधा मुक्काम त्याच्या दुपटीहून उंच असतो. तेथील विरळ हवेत डोके दुखू लागले की रोज अजिंक्यतारा चढल्याचा अभिमान मुकाट्याने गिळून सावकाश चालावे आणि दुखणे वाढले तर खाली उतरावे, याखेरीज दुसरा उपाय नाही.

वितळत्या बर्फाची वाट म्हणजे काय, हे मला सर्वांत स्पष्टपणे हामटा खिंडीच्या वाटेवर कळले. मनालीजवळच्या जोबरा येथून ही वाट चिकामार्गे बालू का घेरा या मुक्कामाला जाते, पीर पंजाल रांगेतील सुमारे १४,००० फूट उंचीची खिंड ओलांडते आणि पलीकडे शिया गोरू या सपाटीवर उतरून लाहौलमधील छत्रू येथे चंद्रा नदीला भेटते. खिंडीची कुल्लूकडील बाजू देवदार, भूर्ज आणि हिरव्या कुरणांची आहे, तर लाहौलकडची बाजू उघडी, दगडी आणि कोरडी आहे, कारण पावसाळी ढगांचा बहुतेक ऐवज रांगेच्या अलीकडेच रिता होतो. हा देखावा बघून माझ्याबरोबरचे लोक आश्चर्याने थबकले. मला तो ओळखीचा होता. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून सरळ पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या आमच्या म्हसवडला तो कसाबसा पाचशेच्या घरात असतो. डोंगराच्या पाठीमागे राहणे म्हणजे काय, हे माणदेशातल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

आमचा वाटाड्या कुल्लू खोऱ्यातला, वयाने आमच्या मुलांएवढा आणि मितभाषी होता. त्याचा एकच नियम होता, तो म्हणजे पहाटे अंधार असतानाच निघायचे. आमच्यातल्या एका काकांनी, उजाडल्यावर निघाले तर काय बिघडेल, असे त्याला विचारले, तेव्हा त्याने वरच्या उताराकडे बोट दाखवून ‘काका, पानी चढेगा’ एवढेच उत्तर दिले. या दोन शब्दांमागे जे घडते ते मोठे सुरेख आहे. रात्री आकाश निरभ्र असले की बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे टाकून गोठतो आणि वितळणे जवळजवळ थांबते, म्हणून पहाटे ओढे रोड झालेले असतात. सकाळी ऊन चढू लागले की प्रथम फक्त तो गोठलेला थर सैल होतो. मग वितळू लागलेले पाणी बर्फाच्या कणांमधून झिरपत तळाशी जाते, तळाच्या दगडांवरून वाट काढते आणि शेवटी ओढ्याला मिळते. या प्रवासाला काही तास लागतात. म्हणून ऊन माथ्यावर असताना नव्हे, तर ते कलल्यानंतर, दुपार उलटून संध्याकाळ होऊ लागताना ओढे सर्वांत मोठे होतात, आणि बर्फापासून दूर, खाली खोऱ्यात तर हा दिवसाचा लोंढा रात्री पोहोचतो. आपल्याकडे ओढ्याचा आवाज वाढला की वर पाऊस झाला असे समजतात. तेथे आवाजावरून वेळ सांगता येते.

पायाखालचा बर्फही या घड्याळाप्रमाणेच बदलतो. पहाटे तो इतका कडक असतो की बुटांखाली लोखंडी दातांच्या साखळ्या चढवल्याशिवाय उभे राहवत नाही, आणि वाटाड्या पुढे जाऊन बुटाच्या टोकाने पायऱ्या खणतो त्यांतूनच मागच्यांनी जायचे असते. सकाळचे मधले दोन-तीन तास सर्वांत सुखाचे, कारण वरचा बोटभर थर मऊ होतो आणि पाऊल नेमके बसते. त्यानंतर मात्र बर्फ पिठूळ होऊ लागतो आणि पाय अचानक मांडीपर्यंत खचतो. विशेषतः मोठ्या दगडांच्या कडेला, कारण काळा दगड उन्हात तापतो आणि आपल्याभोवतीचा बर्फ आतून पोखरतो. आपल्या मनात दगड म्हणजे आधार हे समीकरण पक्के असते, त्यामुळे सह्याद्रीतला माणूस थकला की नकळत दगडाकडे सरकतो. तेथे ती सवय मोडावी लागते. दुपारच्या उन्हात भिजून जड झालेला बर्फ तीव्र उतारावरून सरकून खाली येण्याची भीती असते, ती वेगळीच.

सर्वांत अवघड प्रकरण म्हणजे बर्फाचे पूल. हिवाळ्यात ओढ्यावर साचलेल्या बर्फाला खालून पाणी कोरत राहते आणि वर एक कमान उरते. मे महिन्यात जी कमान खेचरांचा तांडा पेलते ती जूनच्या अखेरीस एका माणसालाही नकोशी होते. ती ओळखण्याच्या खुणा वाटाड्याने आम्हाला दाखवल्या: मध्यभागी बसलेला खळगा, करडा किंवा निळसर पडलेला रंग, कडेच्या भेगा आणि पायाखालून स्पष्ट ऐकू येणारे पाणी. मग पाठीवरच्या पिशवीचे छातीवरचे आणि कमरेचे पट्टे सोडायचे, एकामागून एक, अंतर ठेवून पलीकडे जायचे आणि मध्ये थांबून छायाचित्र काढायचे नाही. ही शेवटची सूचना त्याने आमच्यातल्या सर्वांत तरुण मुलाकडे बघून दोनदा केली.

बर्फ एवढा सावकाश का वितळतो, हा प्रश्न मला तेथे उन्हात बसल्यावर पडला. चेहरा भाजून निघावा असे ऊन असताना समोरचा उतार जसाच्या तसा पांढरा कसा राहतो? याची दोन कारणे शाळेत शिकवलेली असतात. एक म्हणजे ताजे हिम आपल्यावर पडलेल्या प्रकाशातील ८० ते ९० टक्के भाग परतवून लावते. जुने, धुळीने मळलेले हिम त्या मानाने बरेच अधिक ऊन पिते आणि म्हणून मळका बर्फ आधी जातो. दुसरे म्हणजे शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशाच्याच पाण्यात रूपांतर करायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते, आणि तेवढ्याच उष्णतेने तेच पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापले असते. सूर्याची एवढी मेहनत तापमानात कोठेही न दिसता नुसत्या वितळण्यात खर्च होते, आणि त्यामुळेच हिवाळ्यात पडलेले पाणी जूनपर्यंत पुरते. परतवून लावलेला प्रकाश चालणाऱ्याला त्रास देतो. वैशाखातल्या साताऱ्याच्या उन्हाची सवय असलेला माणूस तेथे हमखास फसतो, कारण ते ऊन खालूनही लागते. नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीखाली कातडी सोलवटते, आणि ढगाळ हवेत काळा चष्मा काढून ठेवला तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटून पाणी वाहू लागते.

बर्फाच्या हिशेबातली मला सर्वांत भिडलेली गोष्ट निराळी आहे. नुकत्याच पडलेल्या हिमात बहुतांश हवाच असते. दहा सेंटिमीटर हिम वितळले तर सुमारे एक सेंटिमीटर पाणी मिळते. परंतु वसंतात, अनेकदा वितळून आणि गोठून दाट झालेल्या हिमाचे जवळजवळ निम्मे पाणी असते. म्हणजे जूनमध्ये खिंडीखालच्या उतारावर मीटरभर जाडीच्या जुन्या बर्फावर उभे राहिले की पायाखाली चाळीस-पन्नास सेंटिमीटर, अर्थात चारशे ते पाचशे मिलिमीटर पाणी असते. म्हसवडचा वर्षभराचा पाऊस तेवढाच. ज्या पावसासाठी माझ्या वडिलांनी आयुष्यभर मृगाकडे, हस्ताकडे डोळे लावले, जो कधी सहा दिवसांत पडून वाहून गेला आणि कधी आलाच नाही, तो येथे एका जागी, न वाहता, न आटता, माझ्या बुटांखाली पडून होता. त्यानंतर मला त्या उतारावरून घसरगुंडी खेळणाऱ्यांचा आनंद समजला तरी त्यात भाग घेता आला नाही.

आपल्या डोंगरांनाही साठवणे ठाऊक आहे, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. कासच्या किंवा चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळी पठारावर, वर दिसतो तो जांभा दगड छिद्रांनी भरलेला असतो, आणि पावसाळ्यात त्यात मुरलेले पाणी खालच्या काळ्या कातळाच्या थरांवर अडून कडेकपारींतून झऱ्यांच्या रूपाने महिनोन्‌महिने बाहेर पडत राहते. कासच्या तलावाचे पाणी साताऱ्याच्या नळांना येते, आणि महाबळेश्वराच्या माथ्यावरचे कृष्णेचे झरे ऐन उन्हाळ्यातही वाहतात. फाल्गुनानंतर एखाद्या कपारीत बोटभर धार सापडली की आपण तिला देवाची कृपा म्हणतो, आणि त्यात वावगे काही नाही. परंतु ती गेल्या श्रावणातल्या पावसाची शिल्लक असते. जेथे हा सच्छिद्र माथा नाही, त्या माण-खटावच्या उघड्या टेकड्यांवर माणसांनी सलग समतल चर खणून तेच काम हाताने करून पाहिले आहे. हिमालयाला हे खणावे लागत नाही. अर्थात तेथेही सर्व सुरळीत नाही. हिंदुकुश-हिमालयाचा अभ्यास करणाऱ्या काठमांडूच्या इसिमोड या संस्थेने २०२५ मध्ये सांगितले की त्या हिवाळ्यात जमिनीवर हिम टिकून राहण्याचे प्रमाण नेहमीपेक्षा २३.६ टक्क्यांनी कमी होते आणि सलग तिसऱ्या वर्षी ते सरासरीच्या खाली राहिले. माणदेशात अशा तीन वर्षांना काय म्हणतात ते सांगायला नको.

ही वाट दिसायला सुंदर असते, असे मात्र कोणी समजू नये. छायाचित्रांत येतो तो पांढराशुभ्र भाग रोजच्या चालण्यात थोडा असतो. बाकी सारा चिखल असतो, बर्फाच्या भाराने जमिनीला चिकटलेले पिवळे-तपकिरी गवत असते, खेचरांची लीद असते आणि प्रत्येक पावलाला बुटात शिरणारे थंड पाणी असते. वितळणाऱ्या बर्फातून आणखी एक गोष्ट वर येते, ती म्हणजे हिवाळ्यात येऊन गेलेल्यांचा कचरा. बिस्किटांची वेष्टने, नूडल्सची पाकिटे, एकेक हातमोजा आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या थराथराने उघड्या पडत जातात. डिसेंबरमध्ये बर्फाने झाकले म्हणजे संपले, असे ज्यांना वाटले त्यांनी एकदा मे महिन्यात त्याच वाटेने जावे. हल्ली साताऱ्या-सांगलीतूनही अनेकजण सहल ठरवताना ‘बर्फ मिळेल ना?’ एवढाच प्रश्न विचारतात, आणि तो मिळावा म्हणून वाट उघडण्याच्या आधीच जाण्याचा हट्ट धरतात. बर्फ मिळणे हा हेतू असेल तर केदारकंठासारखी, १२,५०० फुटांची आणि सांक्रीच्या बाजूने बेताची वाट हिवाळ्यात करावी. खिंडीची वाट स्थानिक लोक ज्या आठवड्यात सुरू करतात त्याच्या आधी तेथे जाण्यात शौर्य काहीच नसते, केवळ वाटाड्याच्या जिवाला घोर असतो.

याच चिखलात पाहण्यासारखेही बरेच असते. बर्फ मागे हटतो त्या रेषेला लागूनच, कधी कधी तर त्याची पातळ कड फोडून, पिवळी आणि जांभळी फुले उमलतात. आज जेथे बर्फाची कड आहे तेथे आठवड्याभरात फुले असतात आणि फुलांची ही रेषा बर्फाचा पाठलाग करत उतार चढत जाते. कासचे पठार पावसाच्या शेवटी एकदम रंगते, तसा येथे एकच बहर नसतो. एकाच दिवसाच्या चढणीत खाली संपलेला, मध्ये ऐन भरात असलेला आणि वर अजून न आलेला असा तिन्ही अवस्थांतील वसंत भेटतो. पलीकडे उतरल्यावर वाटाड्याने सांगितले की खाली दिसणारी चंद्रा पुढे तांडीला भागा नदीला मिळते आणि चंद्रभागा होते, तेव्हा दरवर्षी लोणंदपासून पालखीबरोबर चालणाऱ्या आमच्यातल्या एका काकूंनी बूट काढून नदीच्या दिशेने नमस्कार केला. माउलींच्या प्रस्थानाला तेव्हा थोडेच दिवस उरले होते, आणि त्या आधी घरी पोहोचण्याची त्यांना घाई होती.

बर्फाच्या या घड्याळावर सर्वांत काटेकोरपणे चालणारे लोक म्हणजे गद्दी मेंढपाळ. हिवाळा कांगड्याच्या खालच्या टेकड्यांवर काढून ते उन्हाळ्यात बर्फामागोमाग उगवणारे गवत शोधत खिंडी ओलांडतात आणि लाहौलच्या कुरणांत उतरतात. शिया गोरूच्या सपाटीवर पहाटे ओढा उतरण्याची वाट पाहत असताना असाच एक कळप शेजारी बसला होता. पुढे शेळ्या, मागे मेंढ्या आणि कडेला गळ्यात पट्टा घातलेली दोन दांडगी कुत्री होती. मेंढ्या पाहून मला बोलल्याशिवाय राहवेना. आमच्याकडे जतच्या बाजूला माडग्याळ जातीच्या, बाकदार नाकाच्या मोठ्या मेंढ्या असतात, असे मी सांगितले, तेव्हा त्या वृद्ध मेंढपाळाने पहिला प्रश्न विचारला की तुमच्या गावात बर्फ किती पडतो. अजिबात पडत नाही, असे मी म्हणाले. मग उन्हाळ्यात नदीला पाणी कोठून येते, असे त्याने विचारले. येत नाही, असे मी सांगितले. तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला; बहुधा माझे हिंदी कच्चे असावे, अशी त्याला शंका आली असावी.

तेव्हा मी त्याला आमच्या धनगरांची वाट समजावून सांगितली. दिवाळी झाली की माण, खटाव, आटपाडीकडची मेंढरे घाट उतरून कोकणात जातात, भात निघालेल्या शेतांत शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरे बसवून घेतात आणि पावसाळ्यापूर्वी वाडे, म्हणजे मेंढरांसह फिरणारी धनगरांची बिऱ्हाडे, पुन्हा आपल्या मुलखाकडे वळतात. हे मात्र त्याला तत्काळ समजले. त्यांच्याकडेही हिवाळ्यात खालचे शेतकरी कळप शेतात बसवून घेतात. तुमच्याकडे त्याचे धान्य देतात की रोख, आणि एका रात्रीचे किती, असे त्याने विचारले. मी आठवून सांगणार तोच समोरच्या कड्याच्या टोकावर ऊन आले आणि तो बोलणे अर्धवट सोडून उठला. त्याने दोन बोटे तोंडात घालून शीळ घातली, कुत्री धावली आणि शेळ्यांनी पाणी तीन फाट्यांत विभागून उथळ झाले होते तेथून उतरायला सुरुवात केली. आमच्या वाटाड्यानेही आम्हाला बूट काढून गळ्यात अडकवायला सांगितले, परंतु कळप पुढे गेल्याशिवाय आम्हाला तो ओढ्यात पाऊल टाकू देईना. शेवटची दोन कोकरे काखेत मारून म्हातारा पलीकडे पोहोचला तेव्हा ऊन निम्मा कडा उतरून खाली आले होते, आणि मग आमची पाळी आली.